३७,००० फुटांवर विमान टिकवणे वैमानिकांना अवघड का जाते?

गोदाकाठ_परभणी:

नमस्कार. मी परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईहून कोलकात्याला जाताना, विमान मराठवाड्यावरून ३७,००० फुटांवर उडत असताना, कॅप्टननी घोषणा केली की बाहेरची हवा अंदाजापेक्षा उबदार आहे, पुढे वळिवाच्या ढगांमुळे ती अस्थिरही आहे, म्हणून आपण ३५,००० फुटांवर येत आहोत. उणे पंचेचाळीसच्या आसपास तापमान असलेल्या हवेला उबदार का म्हणायचे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा असा की ऑटोपायलट आणि दोन सुस्थितीतील इंजिने असताना ठरलेली उंची राखणे कठीण का व्हावे? थोडा जोर वाढवून भागत नाही का? बारावीच्या वर्गात उचलीचे सूत्र शिकवताना हे उदाहरण घ्यायचे आहे, त्यामुळे उत्तर सविस्तर आणि आकडेमोडीसह असले तर अधिक आवडेल.

उजवी_खुर्ची:

सर, नमस्कार. मी मूळचा बीड जिल्ह्यातला असून सध्या प्रवासी जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यातच सामावलेले आहे. त्या उंचीवर वाढवायला जोर फारसा उरलेलाच नसतो. ३७,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीस टक्क्यांहूनही कमी असते आणि जमिनीवर जेवढा थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा जोर, मिळतो त्याच्या साधारण पाचव्या हिश्शावर इंजिन आलेले असते. विमान जड असेल तर सरळ पातळीत उडण्यासाठी लागणारा थ्रस्ट आणि इंजिन देऊ शकेल असा कमाल थ्रस्ट यांतले अंतर फारच थोडे राहते.

आता तापमान. प्रमाण वातावरणात, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या आदर्श वातावरणात, ११ किलोमीटरवर उणे ५६.५ अंश धरलेले आहे आणि तिथून पुढे काही अंतर ते स्थिर मानले जाते. आपल्याकडे उष्ण कटिबंधात हवा थंड होत जाण्याची क्रिया सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत चालू राहते, परंतु विमाने ज्या थरातून जातात त्या थरात ती प्रमाणापेक्षा दहा-पंधरा अंशांनी उबदार असणे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नेहमीचे आहे. म्हणून उणे ४५ ला आम्ही उबदार म्हणतो. त्याच दाबाला उबदार हवा विरळ असते, आणि प्रमाणापेक्षा सुमारे दहा अंशांवर गेल्यावर बहुतेक इंजिनांचा कमाल थ्रस्ट घटू लागतो. त्यातच बर्फरोधक यंत्रणा सुरू करावी लागली तर तिच्यासाठी गरम हवा इंजिनातूनच घेतली जाते, आणि उरलेली शिल्लकही आटते.

उंची टिकवणे कठीण होते ते अशा वेळी. समजा, विमान खाली जाणाऱ्या हवेच्या प्रवाहात शिरले. ऑटोपायलटला उंची राखायला सांगितलेले असते, म्हणून तो नाक वर करतो. पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो, हवेचा अवरोध वाढतो आणि वेग उतरू लागतो. ज्या वेगाला अवरोध सर्वांत कमी असतो त्याच्या खाली वेग गेला की गणित उलटे होते: वेग जितका घटेल तितका अवरोध वाढतो. इंजिने कमाल थ्रस्टवर असतील तर तो वेग पातळीत राहून परत मिळवता येत नाही. उंची विकून वेग घ्यावा लागतो, दुसरा मार्ग नाही. वर जाणाऱ्या प्रवाहात याच्या उलट घडते. यंत्रणा नाक खाली करते, वेग कमाल मॅक (ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत मोजलेला वेग) मर्यादेकडे धावतो, ऑटोथ्रॉटल (थ्रस्ट आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा) थ्रस्ट पार खाली आणतो, आणि नेमका तेव्हाच खाली जाणारा प्रवाह लागला तर इंजिनांना पुन्हा जोर धरायला वेळ लागतो. अशा हवेत मी तरी काटेकोर उंचीचा पाठलाग करण्याच्या विरोधात आहे. वेग आणि विमानाची स्थिती सांभाळावी, उंचीला थोडे वरखाली होऊ द्यावे आणि नियंत्रकांना ताबडतोब कळवावे.

वर्गासाठी एक आकडा देतो. ४० अंशांच्या कलात वळताना पंखांवर सुमारे १.३ पट भार येतो, हे कोसाइनवरून मुले सहज काढतील. कमाल उंची ठरवताना साधारणपणे एवढ्या भारापर्यंत पंख थरथरणार नाहीत, इतका राखीव धरलेला असतो. वादळी हवेत हाच राखीव कामाला येतो, आणि दोन हजार फूट खाली आल्यावर तो चांगलाच वाढतो.

रडार_निवृत्त:

हवाई वाहतूक नियंत्रणात बरीच वर्षे काम केल्यामुळे खालची बाजू सांगतो. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानांमध्ये पूर्वी २,००० फुटांचे उभे अंतर ठेवत असत. नोव्हेंबर २००३ पासून आपल्या आकाशात ते १,००० फूट झाले; या कमी अंतराच्या पद्धतीला आरव्हीएसएम म्हणतात. पूर्वेकडे जाणारी विमाने ३५, ३७ अशा विषम हजारांवर आणि पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर असतात, म्हणजे सरांच्या विमानाच्या हजार फूट खाली समोरून येणारे विमान असू शकले असते. हे अंतर निभावते ते शांत हवेत ६५ फुटांच्या आत उंची धरून ठेवणाऱ्या ऑटोपायलटच्या भरवशावर. खवळलेल्या हवेमुळे ती अचूकता राखता येत नसेल तर वैमानिकाने ‘अनेबल आरव्हीएसएम ड्यू टर्ब्युलन्स’ असे स्पष्ट सांगायचे असते, आणि आम्ही आसपासची विमाने दूर करून जुने २,००० फुटांचे किंवा आडवे अंतर देतो. सरांच्या कॅप्टननी वेळेत खालची पातळी मागितली, हे उत्तम केले. वळिवाचे ढग ५०,००० फुटांच्याही वर जातात, त्यामुळे त्यांना वरून ओलांडण्याचा विचार प्रवासी विमानाने करूच नये.

उड्डाणसुरक्षा_लातूर:

वेळेत खाली न आल्याने काय होते, याची दोन उदाहरणे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण दोन्हींत माणसे गेली आहेत. १६ ऑगस्ट २००५ रोजी वेस्ट कॅरिबियन एअरवेजचे एमडी-८२ विमान ३३,००० फुटांवर जात होते. त्या वजनाला आणि बर्फरोधक यंत्रणा चालू असताना ती उंची झेपणारी नव्हती. वेग घटत गेला, विमान स्टॉल झाले (कोन फार वाढून पंखांची उचल ढासळली), आणि व्हेनेझुएलात कोसळून १६० जण मृत्युमुखी पडले. त्याआधी १४ ऑक्टोबर २००४ रोजी अमेरिकेत पिनॅकल एअरलाइन्सचे रिकामे सीआरजे विमान दोन वैमानिकांनी ४१,००० फुटांवर नेले. चढाईचा दर धरून ठेवणाऱ्या मोडमध्ये ऑटोपायलटने तो दर राखण्यासाठी वेग खर्ची घातला. स्टॉलनंतर दोन्ही इंजिने बंद पडली, ती पुन्हा सुरू झाली नाहीत आणि दोघेही दगावले. स्टॉलमध्ये नाक वर ओढत राहणे घातक असते. नाक खाली करून कोन कमी करणे हाच उपाय आहे. विरळ हवेत त्यासाठी हजारो फूट द्यावे लागतात आणि ते देताना हात आखडता घेऊ नये.

गोदाकाठ_परभणी:

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरली आहे. ३७,००० फूट काठावरचे ठरणार होते, तर तिथे चढलेच का? आणि इंधन जळून वजन कमी झाल्यावर तीच उंची परत घेता येते का?

उजवी_खुर्ची:

सर, उड्डाणाचा आराखडा निघण्याच्या काही तास आधीच्या हवामान अंदाजावर बनतो. अंदाजापेक्षा हवा पाच-सात अंशांनी उबदार निघाली की कागदावर आरामात बसणारी उंची प्रत्यक्षात काठावरची ठरते. तरीही तिथे जायचे, कारण उंचावर इंधन कमी लागते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर होय असे आहे, आणि त्याचा हिशेब आपल्या सूत्रातूनच निघतो. मॅक तोच ठेवला तर उचल हवेच्या दाबाच्या प्रमाणात असते. म्हणून वजन जितके टक्के घटेल तितक्याच टक्क्यांनी कमी दाबाच्या थरात विमान पंखांचा तोच कोन ठेवून उडू शकते. या थरांत हजार फुटांमागे दाब साधारण पाच टक्क्यांनी घटतो. ६५ टनांच्या विमानाचे सव्वातीन टन इंधन जळाले की पाच टक्के वजन गेले, म्हणजे सोयीची उंची सुमारे हजार फुटांनी वर सरकली. पूर्वेकडच्या विमानाला मात्र पुढची पातळी दोन हजार फुटांवर असते, त्यामुळे दुप्पट इंधन जळेपर्यंत थांबावे लागते. कोलकात्याच्या अडीच तासांच्या प्रवासात तेवढे जळेपर्यंत उतरण्याची वेळ जवळ येते, आणि अशा वेळी बहुतेक कॅप्टन ३५,००० फुटांवरच राहतात.