मदत हवी आहे: राउटरवर व्हीलॅन केलं, आता कशालाच आयपी मिळेना

वरघर_खालीदवाखाना: खाली बायकोचा दवाखाना, वर घर, नेटची लाइन एकच. कॅमेरे, दवाखान्याचा कॉम्प्युटर आणि घरचं वाय-फाय वेगळं करायचं म्हणून काल रात्री व्हिडिओ बघून व्हीलॅन (एकाच राउटरवर वेगवेगळी नेटवर्कं) १०, २०, ३० केले. आता कशालाच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही. कॉम्प्युटर १६९.२५४ असं काहीतरी दाखवतो. सगळं तीनदा तपासलंय, बरोबर आहे. उद्या नऊला ओपीडी. लवकर सांगा.

रात्रपाळी: राउटर कुठला ते तरी सांगा. १६९.२५४ म्हणजे डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तरच आलं नाही, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच पत्ता लावून घेतला.

जुना_वायरमन: आधी क्रिम्पिंग (केबलच्या टोकाची जोडणी) तपासा. आमच्याकडे एक तार तुटलेली होती, वेग हजार एमबीपीएसवरून शंभरवर आला होता. महिनाभर राउटरला शिव्या घातल्या.

रात्रपाळी: काका, त्याने वेग पडेल. तिन्हीकडचा आयपी एकदम कसा जाईल?

वरघर_खालीदवाखाना: मायक्रोटिक, पाच पोर्टचा (त्यांची नावं ईथर१ ते ५). ईथर२ ला कॅमेऱ्यांचा स्विच, ३ ला दवाखाना, ४ ला वाय-फायचा डबा.

फायबरभाऊ: नेट कंपनीकडून व्हीलॅन आयडी (क्रमांक) मागून घ्या आणि वॅनवर (बाहेरची लाइन येते त्या पोर्टवर) लावा, त्याशिवाय नेट चालणार नाही.

वरघर_खालीदवाखाना: नेट काल दुपारपर्यंत चालू होतं हो.

मुक्तस्रोती: ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मुक्त फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर) टाका. २१.०२ आवृत्तीपासून बऱ्याच राउटरवर डीएसए (पोर्ट हाताळायची नवी पद्धत) आलंय, कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये ते एका तक्त्यात दिसतं. काही चुकून संपर्क तुटला तर ९० सेकंदांत जुनी सेटिंग परत येते.

रात्रपाळी: उद्या ओपीडी आहे आणि तुम्ही आज फर्मवेअर बदलायला सांगताय. धन्य!

मुक्तस्रोती: कायमचा उपाय सांगितला. मलमपट्टी तुम्ही करा.

रात्रपाळी: @वरघर, स्विच साधा आहे का? त्यावर फक्त कॅमेरेच आहेत ना? आणि व्हीलॅन नक्की कशावर बनवले?

वरघर_खालीदवाखाना: स्विच साधाच. चार कॅमेरे आणि रेकॉर्डर. व्हीलॅन १० ईथर२ वर, २० ईथर३ वर, ३० ईथर४ वर. प्रत्येकाला पत्ता आणि डीएचसीपी दिला. जुना १९२.१६८.८८ वाला डीएचसीपी काढून टाकला, गोंधळ नको म्हणून.

रात्रपाळी: गोंधळ तिथेच आहे. ते पोर्ट आधीच ब्रिजमध्ये (पोर्ट एकत्र जोडणाऱ्या राउटरमधल्या आभासी स्विचमध्ये) आहेत, व्हीलॅन ब्रिजवर हवेत. शिवाय कॅमेरे आणि कॉम्प्युटर टॅग (व्हीलॅनचा क्रमांक) लावून बोलत नाहीत, टॅग पोर्टने लावायचा असतो.

आधी सेफ मोड दाबा, संपर्क तुटला तर बदल मागे जातात. ईथर५ ब्रिजमधून काढा, त्याला वेगळा पत्ता द्या, लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) यादीत घाला आणि लॅपटॉप तिथे लावून बसा. मग तिन्ही व्हीलॅनचा इंटरफेस बदलून ब्रिज करा. ब्रिजच्या पोर्ट्समध्ये ईथर२ चा पीव्हीआयडी (विनाटॅग आलेल्याला पोर्ट लावतो तो क्रमांक) १०, ३ चा २०, ४ चा ३०. व्हीलॅन्सच्या टॅबमध्ये प्रत्येक आयडीसाठी टॅग्डमध्ये ब्रिज स्वतः, अनटॅग्डमध्ये त्याचा पोर्ट. ब्रिजला टॅग्डमध्ये घालायचं बहुतेकजण विसरतात, मीही विसरलो होतो. व्हीलॅन फिल्टरिंगची टिक सगळ्यात शेवटी.

नेटकी_सून: वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे दोन राउटर ठेवून भागवलं, एवढा व्याप कोण करतो.

वरघर_खालीदवाखाना: आयपी आले!! पण साइट एकही उघडत नाही. ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग, म्हणजे पोचतंय का बघायचा संदेश, जातोय.

रात्रपाळी: म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सेवा) अडतोय. मूळ फायरवॉल लॅनच्या यादीबाहेरून राउटरकडे येणारं सगळं टाकून देते. तिन्ही व्हीलॅन त्या यादीत घाला.

वरघर_खालीदवाखाना: चाललं. रात्रीचे पावणेदोन. खूप आभार.

सावध_एकादशी: थांबा, वेगळं अजून झालेलंच नाही. राउटर एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात रहदारी बिनदिक्कत जाऊ देतो. घरच्या फोनवरून कॅमेऱ्याला पिंग करून बघा.

वरघर_खालीदवाखाना: जातोय की! मग मी काल रात्रीपासून केलं काय?

सावध_एकादशी: निम्मं काम. आता फॉरवर्ड चेनमध्ये (राउटरमधून आरपार जाणाऱ्या रहदारीच्या नियमांत) व्हीलॅन ते व्हीलॅन ड्रॉपचा नियम टाका. बाहेर नेटकडे जाणारं त्यात येऊ देऊ नका.

वरघर_खालीदवाखाना: टाकला, पिंग थांबला. पण आता वरच्या लॅपटॉपवरून खालच्या प्रिंटरवर प्रिंट जात नाही. बायको उठायच्या आत सांगा.

सावध_एकादशी: ड्रॉपच्या वर एक परवानगीचा नियम: व्हीलॅन ३० कडून फक्त प्रिंटरच्या आयपीला, टीसीपी ९१०० (प्रिंटचा पोर्ट क्रमांक). उत्तरं परत येण्यासाठी एस्टॅब्लिश्डचा (आधीच जुळलेल्या जोडणीचा) नियम आधीपासून असतो, तो हलवू नका. प्रिंटरचा आयपी कायमचा बांधून ठेवलाय ना?

वरघर_खालीदवाखाना: कायमचा म्हणजे?