नाण्यातील दोष टाकसाळीतला की नंतरचा, हे कसे ठरवावे?

म्हापशेकर यांचा प्रश्न

सर्व सभासदांस नमस्कार. म्हापशाच्या बाजारात आमचे किराणा मालाचे दुकान असल्याने सुटी नाणी रोज हाताखालून जातात आणि त्यांतली वेगळी दिसणारी मी बाजूला काढून ठेवतो. सध्या चार नाण्यांविषयी शंका आहे. पहिले 1998 सालचे पोलादी एक रुपयाचे नाणे असून त्याच्या कडेचा चंद्रकोरीएवढा भागच नाही. दुसऱ्या, तांबे-निकेलच्या पाच रुपयांच्या नाण्यावर ‘भारत’ या शब्दातला ‘त’ जवळजवळ दिसत नाही. तिसरे दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे; त्याचा मधला पांढरा भाग एका अंगाला सरकलेला आहे. चौथे आजोबांच्या पेटीत मिळालेले 1958 सालचे पोर्तुगीज एक एस्कुदो असून ते पुस्तकाच्या पानासारखे उलटले की मागची बाजू डोक्यावर उभी राहिलेली दिसते. हे दोष टाकसाळीत झाले की कोणी मुद्दाम केले, हे घरच्या घरी ओळखण्याची काही रीत आहे काय?

फोंड्याचे एक संग्राहक

रीत आहे. नाणे घडताना ते तीन टप्प्यांतून जाते. आधी धातूच्या पट्ट्यातून कोरी चकती कापतात, मग तिची कड उचलतात आणि शेवटी वरच्या व खालच्या डायमध्ये (नक्षी उलटी कोरलेल्या साच्यांमध्ये), भोवती कॉलर (धातूचे गोल कडे) ठेवून, तिच्यावर ठसा मारतात. चूक ज्या टप्प्यावर झाली त्याच्या पुढच्या टप्प्यांनी त्या चुकीवर काही ना काही खूण उमटवलेली असते. ती खूण नसेल, तर नाणे टाकसाळीतून धड बाहेर पडले आणि नंतर बिघडले किंवा बिघडवले गेले, असे समजावे.

तुमच्या एक रुपयाला हेच लावून पाहा. पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही तर कापणारा पंच आधीच्या भोकावर अंशतः पडतो आणि चकती अर्धवट चावल्यासारखी निघते. ही चकती कड उचलण्याच्या यंत्रात गेली की तुटलेल्या जागी दाब बसत नाही, आणि म्हणून तिच्या बरोबर समोरच्या जागीही तो पुरेसा बसत नाही. त्यामुळे खऱ्या दोषात तुटीच्या समोरची कड बहुधा फिकी, सपाट झालेली आढळते. शिवाय ठसा बसताना धातू मोकळ्या जागेकडे वाहतो, म्हणून तुटीलगतची अक्षरे किंचित ताणलेली व विरत गेलेली असतात. कानशीने घासलेल्या नाण्यात ती धारदार रेषेवर तुटतात आणि समोरची कड मात्र ठणठणीत असते. या नाण्याचे प्रमाण वजन 4.85 ग्रॅम आहे, त्यापेक्षा ते कमी भरणारच. परंतु वजन घासूनही कमी होते, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नये.

पाच रुपयांच्या बाबतीत मात्र वजनच बोलते. तांबे-निकेलचे ते नाणे 9 ग्रॅमचे. डायमधली अक्षरे खोलगट असतात. त्यांत ग्रीस व धातूची भुकटी साचली की तिथे धातू शिरत नाही आणि अक्षर उमटत नाही, पण धातू कुठे जात नाही, म्हणून वजन पुरे भरते. आम्लात बुडवलेले नाणे सर्वच अंगांनी बारीक होते आणि हलके भरते. दुसरे असे की झिजीने आधी उंच भाग जातात. सिंहांची तोंडे ठसठशीत असताना एकटा ‘त’ नाहीसा झाला असेल, तर ती झीज नव्हे. भिंगाखाली त्या जागी एकाच दिशेने ओरखडे दिसले, तर कोणीतरी ते अक्षर खरवडले आहे.

मडगावहून

वरील विवेचनाशी सहमत आहे. उरलेल्या दोन नाण्यांविषयी लिहितो. दहा रुपयांच्या नाण्यात बाहेरचे कडे आणि मधली चकती ठसा मारतानाच एकमेकांत घट्ट बसतात. चकती आधीच तिरकी पडली असेल, तर नक्षी सांध्यावरून अखंड जाते आणि ज्या धातूवर जे यायला नको ते आलेले असते. ठसा झाल्यावर मधला भाग ठोकून काढून पुन्हा बसवला असेल, तर सांध्यापाशी नक्षीच्या रेषा जुळत नाहीत. या प्रकारात हातचलाखी फार चालते, म्हणून मी सरकलेल्या चकतीकडे नेहमी संशयानेच पाहतो.

एस्कुदोत दोष नाही. पोर्तुगीज नाण्यांवर दोन्ही बाजू सामान्यतः एकमेकींच्या उलट दिशेने ठेवलेल्या असत. वरून खाली उलटल्यास मागची बाजू सरळ दिसेल. प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांची रचना याच्या विरुद्ध असल्याने आपल्या डोळ्यांना ते चुकीचे वाटते. अर्थात भारतीय नाणे असे उलटे निघाले, तर डाय आपल्या खोबणीत फिरली होती असे मानायला जागा आहे.

पणजीहून एक वाचक

एक भर घालतो. वर्षाखाली टाकसाळीची खूण नाही म्हणून नाणे सदोष ठरत नाही. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते. शिवाय जुनी नाणी लाखांत विकून देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये यासंबंधी जाहीर इशारा दिला होता.

म्हापशेकर

सर्वांचे आभार. सराफाच्या काट्यावर रुपया 4.4 ग्रॅम भरला आणि तुटीच्या समोरची कड खरोखरच बोथट आहे. पाच रुपयांचे नाणे 8.97 ग्रॅमचे असून त्यावर ओरखडे नाहीत. दहा रुपयांच्या नाण्यात रेषा सांध्यावर तुटतात, तेव्हा ते उद्या गल्ल्यातच टाकीन.

फोंड्याचे एक संग्राहक

गल्ल्यात टाकण्याऐवजी ते रुपयाशेजारी ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडेल. रुपयाचे छायाचित्र मात्र एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून काढा, म्हणजे समोरची बोथट कड त्यात दिसेल.