३५ वा आठवडा, उलट्या थांबेनात, आता डोळे पिवळे

होटगीरोडवाला:
वहिनीला गरोदरपणाचा ३५ वा आठवडा चालूय. मागच्या आठवड्यापासून रात्री तळहात-तळपायाला खाज सुटायची, पुरळ काही नाही, आम्ही म्हटलं सोलापूरचं ऊन, असेल घामोळं. पण तीन दिवस झाले उलट्या चालूयत, बरगडीखाली उजवीकडं दुखायलंय अन् आज डोळे पिवळे दिसले. कालची सोनोग्राफी नॉर्मल आहे. पाणी चार-पाच दिवसाआड येतं, साठवलेल्या पाण्यानं कावीळ झाली असेल का? आई म्हणायलीय गावाकडं कावीळ उतरवणारा आहे तिकडं नेऊ.

स्टाफनर्स_जुळेसोलापूर:
दादा गावाकडं नको, आत्ताच्या आत्ता दवाखाना. नुसती खाज असती तर रक्तातलं बाइल ॲसिड (पित्तातलं आम्ल) तपासा म्हटलं असतं, पण उलट्या, दुखणं अन् पिवळे डोळे एकत्र म्हणजे उद्यावर ढकलायचं नाही. ब्लड बँक, आयसीयू अन् बाळाची काचपेटी जवळ असेल तिथंच न्या. बीपी नॉर्मल निघालं तरी गाफील राहू नका, हेल्प सिंड्रोममध्ये (गरोदरपणात रक्तपेशी फुटतात अन् लिव्हर बिघडतं तो आजार) तसंही असतं, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी मात्र कमी होतात.

दोनदाबाप:
आमच्या मिसेसचं अगदी असंच झालेलं, पहिल्या ठिकाणी ॲसिडिटी म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली, साखर बघितली तर ४५! लिव्हरमध्ये चरबी साठून ते बंद पडायला लागलं होतं, एएफएलपी म्हणतात. सोनोग्राफी तिचीपण नॉर्मलच होती, त्यावर जाऊ नका. सिझर केलं, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) चढवला, पाच दिवस आयसीयू, आता दोघंही ठणठणीत. बाळाचीपण चरबी पचवण्याच्या दोषाची तपासणी करायला सांगितली होती.

पीजी_रेसिडेंट:
पाण्याची शंका बरोबर आहे, हिपॅटायटिस ई (विषाणूची कावीळ) आपल्याकडं बहुतेक दूषित पाण्यानंच होतो अन् शेवटच्या तिमाहीत जिवावर बेततो. त्यात एएलटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) बहुतेक हजाराच्या वर जातं, एएफएलपीत सहसा काहीशेच असतं, पण साखर घसरते, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) अन् क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढतं. एएफएलपी ओळखायच्या स्वान्सी निकषांत १४ मुद्दे आहेत, दुसरं कारण नसताना ६ किंवा जास्त जुळले की एएफएलपी धरतात. हेल्प अन् एएफएलपीवर उपाय डिलिव्हरीच, हिपॅटायटिस ईचं तसं नाही, म्हणून रिपोर्ट आधी. लिव्हरच्या रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फेटेज नुसतं वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, ते वारेमुळेही वाढतं.

होटगीरोडवाला:
१०८ ला फोन केला पण शेजाऱ्यांची गाडी आधी आली, निघालोय. फाईल घेतलीय, गेल्या गेल्या साखर बघायला सांगतो. आईला अजून पटलेलं नाही, पण तीच वहिनीला धरून मागं बसलीय.