मदत हवी आहे: चंद्रावर रोव्हर रुततो का, हे सातवीच्या मुलांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, साताऱ्याकडची. आम्ही नऊ जणांनी मिळून कॉलेजात सहा चाकांचा रोव्हर बांधलाय. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरची असते तशीच रॉकर-बोगी बैठक: दोन्ही बाजूंना सांध्यांनी जोडलेले दांडे, म्हणजे एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. चाकं सहा इंची पीव्हीसी पाइप कापून केलीत, वरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या रिव्हेट मारून बसवल्यात. वजन १४ किलो. महिन्यातून एकदा तो घेऊन आम्ही जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत जातो.

गेल्या शनिवारी माण तालुक्यातल्या एका शाळेत होतो. पहिला पाऊस होऊन मैदानावर पपडी धरली होती, खाली माती भुसभुशीत. रोव्हर दगडावर चढला, टाळ्या पडल्या, आणि उतरताना मागची दोन चाकं पपडी फोडून आत गेली. मी घाईघाईत जोर वाढवला. चाकं जागच्या जागी गरगर फिरली, माती मागे उडत राहिली आणि बघता बघता रोव्हरचं पोट जमिनीला टेकलं. दोघांनी उचलून बाहेर काढला.

मग मी मुलांना नासाच्या स्पिरिट रोव्हरची हकीकत सांगितली. तो २००४ मध्ये मंगळावर उतरला. २००६ मध्ये त्याचं पुढचं उजवं चाक बंद पडलं, तेव्हापासून ते फरफटत नेत तो चालत होता. २००९ मध्ये अशाच पपडीखालच्या मऊ मातीत रुतला तो कायमचा. मुलं अगदी गप्प झाली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून सातवीतली एक मुलगी उठली. म्हणाली, "ताई, चंद्रावर वजन सहा पट कमी भरतं ना? मग तिथं रुतणारच नाही की!"

मी तोंडात आलेलं "हो" गिळलं, कारण माझ्या प्रोजेक्टचा सगळा घोळ इथंच आहे. रोव्हरचं वजन कमी होतं हे खरं, पण मातीच्या कणांचंही होतं. कण एकमेकांवर कमी दाबले जातात, म्हणून त्यांची एकमेकांवरची पकडही ढिली पडते. पृथ्वीवर चाचणी घेताना नुसतं रोव्हरचं वजन उतरवायची पद्धत आहे. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरचा इथला चाचणीचा जोडीदार 'स्केअरक्रो' तसाच हलका ठेवलाय, मंगळावर क्युरिऑसिटी जेवढा भरेल तेवढाच. पण त्याच्या चाकांखालची माती पृथ्वीच्याच वजनाची राहते. म्हणजे अशी चाचणी जरा जास्तच चांगला निकाल देणार, असं मला वाटतं.

त्या मुलीला मी पुढच्या वेळी उत्तर द्यायचा शब्द दिलाय. आकडेमोड न करता, हाताला जाणवेल असं काय दाखवता येईल? दुसरं, चाक किती घसरतं ते मोजायला आम्हाला मातीचा हौद करायचाय. नदीची वाळू महाग पडते. फाउंड्रीची वापरलेली वाळू मिळतेय. चालेल का?

कृपया मार्गदर्शन करा. खूप दिवस यात अडकलेय.

प्रतिसाद

उत्तर "हो" नाही हे तुम्ही ओळखलंत, तिथंच अर्धं काम झालं.

मी कोल्हापूरच्या फाउंड्रीत बावीस वर्षं काढली. आमच्याकडच्या वाळूचा दाणा गोलसर असायचा, शिवाय वापरलेल्या वाळूत बेंटोनाइट (दाणे चिकटवणारी माती) आणि कोळशाची पूड असते. ती घेऊ नका. चंद्रावर वारा-पाणी नाही, त्यामुळे तिथल्या धुळीचे कण घासून गुळगुळीत झालेले नसतात, धारदार राहतात. जवळच्या स्टोन क्रशरवरून डस्ट आणा आणि चाळून घ्या. आपला काळा दगड बेसाल्टच आहे, चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. चाळताना मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. प्रत्येक चाचणीआधी हौद पूर्ण उकरून, सारखा करून घ्यायला विसरू नका. नाहीतर पहिली फेरी आणि पाचवी फेरी यांची तुलनाच होणार नाही.

शाळेसाठी व्हॅक्यूम पॅक केलेली तांदळाची पिशवी न्या. आधी बोट दाबायला सांगा, वीट वाटेल. मग कोपरा कापा, हवा आत जाऊ द्या आणि पुन्हा दाबायला सांगा. तांदूळ तोच, दाणे तेवढेच, पण बोट आत जातं. बाहेरच्या हवेचा दाण्यांवरचा दाब गेला की पकड गेली. चंद्रावर मातीचा स्वतःचा दाब सहावा हिस्सा उरतो.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार! आत्ताच किराणा दुकानातून दोन पिशव्या आणल्या. एक घरी कापून पाहिली, आईनं बोट दाबलं आणि तिला लगेच कळलं. दुसरी त्या मुलीच्या हातानेच कापायची ठरवलीय. क्रशरवाल्यांशीही बोलणं झालंय, रविवारी सहा पोती डस्ट आणतोय. हौद आठ फूट लांब, तीन फूट रुंद धरलाय. खोली एक फूट पुरेल का, तेवढं सांगाल?