मदत हवी आहे : इस्त्री न करता सुती शर्टाच्या चुण्या कशा घालवायच्या?

इस्त्री हाताशी नाही. दोन सुती शर्ट, एक रेयॉनचा कुर्ता आणि एक पॉलिएस्टर पँट उद्या सकाळपर्यंत नीट करायची आहे. गरम पाणी सोडून बाथरूमच्या वाफेत शर्ट अर्धा तास टांगला. तो दमट झाला, चुण्या तशाच. काय चुकतंय?

प्रतिसाद १
वाफ लोकरीला पुरते, सुती कापडाला नाही. सुती धाग्यातले बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना कापड ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. बाथरूममध्ये शर्ट पुरेसा भिजला नाही आणि वाळताना ताणलेलाही नव्हता. खरं काम ताणाचं आहे.

शर्ट रुंद हँगरवर लावून गळ्याचं आणि मधलं एक बटण लावा. स्प्रेच्या बाटलीने वीतभर अंतरावरून बारीक फवारा मारा. कापड हाताला स्पष्ट ओलं लागलं पाहिजे, पण थेंब गळता कामा नयेत. दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा, पाणी धाग्यात मुरू द्या. मग दोन्ही हातांनी आधी उभं, नंतर आडवं ताणा. तिरकं ओढू नका, कापड वाकडं होतं. कॉलर, कफ आणि बटणपट्टीत आत अस्तर असतं, म्हणून तिथे दुप्पट पाणी मारून चिमटीत दाबत पुढे सरकायचं.

शेवटी खालची कड एका हाताने खेचून धरा आणि हेअर ड्रायर फिरता ठेवून पूर्ण वाळवा. घाईत दमट शर्ट घातला तर कोपरात आणि पाठीवर लगेच नव्या चुण्या बसतात. ड्रायर नसेल तर पंख्याखाली टांगा, मात्र अधूनमधून पुन्हा ताणत राहा.

पाण्यात व्हिनेगर घालायची गरज नाही. चुणी पाण्यानेच सुटते.

प्रतिसाद २
वरची ताणायची रीत रेयॉनला लावू नका. रेयॉन ओलं असताना खूप कमजोर होतं, शिवणीपाशी उसवतं किंवा लांब होतं. कुर्ता कोरड्या टॉवेलवर पसरा, हलका फवारा मारा, तळहाताने मधून कडेकडे सपाट करा आणि आडवाच वाळू द्या.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून नुसत्या फवाऱ्याने फरक पडत नाही. त्याला उष्णता लागते. कपडे वाळवायचं मशीन असेल तर पँटसोबत एक ओला, घट्ट पिळलेला रुमाल टाकून मध्यम उष्णतेवर १०–१५ मिनिटं फिरवा. मशीन भरून टाकू नका, आणि थांबताच पँट काढून टांगा. गरम असताना आत पडून राहिली तर नव्या घड्या पक्क्या होतात.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मशीन नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं फिरवलं तर चालेल का?

प्रतिसाद १
चालेल, पण अपेक्षा बेताची ठेवा. पातेल्याचा तळ १०० अंशांच्या वर जात नाही, सुती कापडासाठी इस्त्री २०० अंशांच्या आसपास तापवतात. म्हणून कापड दमट हवंच. सपाट तळाचं, दांड्याचं पातेलं घ्या आणि तिसरा हिस्साच भरा, जास्त भरलं तर हिंदकळून हात भाजेल. तळाची काजळी आधी पुसा. टेबलावर दुहेरी टॉवेल, त्यावर पँट, वर पातळ सुती कापड. पातेलं घासू नका. दाबून १० सेकंद ठेवा, उचला, पुढे जा. पाणी कोमट झालं की बदला. पँट पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका, पॉलिएस्टरचा आकार गार होतानाच बसतो.