मरणाऱ्यापासून आजार लपवावा का?

रंकाळाकाठ : ‘कर्करोग शेवटच्या टप्प्यात असेल तर रुग्णाला सांगू नये, काय ते घरच्यांनी ठरवावे,’ हे शाहूपुरीकरांचे कालचे मत वाचून राहवले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली लिव्हिंग विल, म्हणजे बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेले इच्छापत्र, मान्य केले आणि २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होते. पण ज्याला आपला आजारच ठाऊक नाही, त्याने ‘व्हेंटिलेटर नको’ हे कधी लिहायचे? माझ्या चुलत्यांचे अहवाल घरच्यांनी पिठाच्या डब्यामागे दडवले होते. ‘उसाची तोड येईपर्यंत मी उठेन ना?’ असे ते रोज विचारत. जमिनीची वाटणी त्यांच्या मनातच राहिली.

शाहूपुरीकर : माझ्या आईला डॉक्टरांनी तोंडावर सांगितले आणि त्या संध्याकाळपासून तिने ताटाला हात लावला नाही. तिला घास भरवायला तुमचा न्यायनिवाडा आला नव्हता. ज्यांनी हे पाहिलेले नाही, त्यांनी आम्हाला हक्क शिकवू नयेत.

निवृत्त परिचारिका : दोघेही वेदनेबद्दल बोलत नाही, याचा मला संताप येतो. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने औषध दुकानदार मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचे औषध ठेवीनासे झाले. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, तरी आजऱ्याकडच्या एका रुग्णाचा मुलगा गोळ्यांसाठी एसटीने कोल्हापूर गाठायचा. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती कळ उठल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे द्यायची आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध सुरू ठेवायचे. नातेवाईक मात्र ‘सवय लागेल’ म्हणून गोळी चुकवतात. ज्याचे थोडेच दिवस उरले आहेत, त्याला कसल्या सवयीचे भय दाखवता?

शाहूपुरीकर : बाई, हे विषयांतर आहे. तरीही माझ्या आईला ती गोळी कोणी सुचवली नव्हती, हे खरे. रुग्णाने स्वतः विचारले तर खोटे बोलू नये, एवढे मी मान्य करतो. न विचारता सांगणे मला आजही क्रूर वाटते.

निवृत्त परिचारिका : विषयांतर कसे? आजार लपवलेल्या घरात ‘ही गोळी कशाची?’ या प्रश्नालाही खोटेच उत्तर द्यावे लागते.

रंकाळाकाठ : माझे चुलते रोज विचारत होते, शाहूपुरीकर. किती जाणून घ्यायचे आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत रुग्णाला विचारावे, आणि ते विचारण्याआधी अहवालाचे पाकीट मुलाच्या हाती देऊ नये.