ब्रिटिश पासपोर्ट, मुक्काम भारतात: एनएचएसमध्ये मोफत ऑपरेशन होतं का?

पाऊलवाट
वडील ब्रिटिश नागरिक. नोकरीची सगळी वर्षं इंग्लंडमध्ये, कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) नियमित भरलेला. निवृत्तीनंतर ओसीआय कार्डावर नाशिकला राहतात. गुडघा बदलायचा आहे. दोन महिने माझ्याकडे लंडनला येऊन एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, करून घेता येईल का? जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव अजून आहे.

गोदाकाठ
मोफत नाही होणार. पासपोर्ट, भरलेला कर, जीपीकडची नोंद, तिथलं स्वतःचं घर, यातल्या कशानेच हक्क मिळत नाही. निकष एकच: माणूस सध्या तिथे ‘ऑर्डिनरिली रेसिडेंट’ आहे का, म्हणजे बस्तान तिथे आहे का. हॉस्पिटलमधला ओव्हरसीज व्हिजिटर विभाग नेमकं हेच तपासतो. नसेल, तर इंग्लंडमध्ये एनएचएस दराच्या 150 टक्के बिल. गुडघ्यासारखं थांबू शकणारं ऑपरेशन असेल तर 2017 पासून पैसे आधी भरावे लागतात. आयुष्यभर कर भरलेल्या माणसाच्या मनाला हे लागतं, पण नियम तसाच आहे.

चौकटराजा
कायमचे परतणार असतील तर गोष्ट वेगळी. मग पहिल्या दिवसापासून हक्क. सहा महिने थांबायची अट नाही. व्हिसा लागत नसल्याने हेल्थ सरचार्जही (व्हिसासोबत भरायचं आरोग्य शुल्क) नाही. पण पुरावा मागतात: एकेरी तिकीट, सामान पाठवल्याची पावती, नाशिकचं घर विकल्याचे किंवा भाड्याने दिल्याचे कागद, तुमच्याकडे राहणार असल्याचं तुमचं पत्र. परतीचं तिकीट काढलेलं आणि घर जसंच्या तसं असेल तर तिथेच अडतं. ऑपरेशनपुरतं ‘परतलो’ म्हणू नका. शिवाय रेफरलपासून 18 आठवड्यांत उपचार सुरू करायचं उद्दिष्टच अनेक ठिकाणी पाळलं जात नाही, दोन महिन्यांत नंबर लागणं अवघड.

पाऊलवाट
आणि नुसते भेटीला आले असताना हार्ट अटॅक आला तर?

गोदाकाठ
ए अँड ई (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) मधले उपचार सगळ्यांना मोफत. वॉर्डात भरती केलं की बिल सुरू. तातडीचे उपचार पैशांसाठी अडवत नाहीत, पण बिल मागाहून येतंच. युरोपात राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरांना एस1 फॉर्मचा (ज्यावर त्यांच्या उपचारांचा खर्च ब्रिटन उचलतं) आधार असतो. भारताशी असा करारच नाही. त्यामुळे प्रवास विमा घ्याच, आणि बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी, जे असेल ते फॉर्मवर लिहा. लपवलेल्या आजारामुळे क्लेम फेटाळले जाऊ शकतात. (हे सगळं इंग्लंडचं, स्कॉटलंड, वेल्सचे नियम वेगळे.)